घोडी शेळीच्या आणि कुत्र्याच्या मध्ये का उभी राहते?

मुंबईत आज घोडा पाहायचा तर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, जुहूच्या वाळूत, लग्नाच्या वरातीत, नाहीतर जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांत. व्हिक्टोरिया गेल्या, २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. उरलेल्यांपैकी तबेल्यातल्या घोड्यांकडे माझं लक्ष जास्त जातं, कारण तिथे घोड्याच्या आसपास इतर जनावरं असतात. पलीकडे म्हशींची रांग, दाराशी बांधलेली एखादी शेळी, चंदीचे सांडलेले दाणे टिपणाऱ्या कोंबड्या. तिथल्या माणसांशी गप्पा मारल्या की हमखास ऐकू येतं, ही घोडी त्या शेळीला सांभाळते, तिच्या जवळ कुत्रं फिरकू देत नाही.

ही कौतुकाने सांगितलेली थाप नसते. घोडे असं करतात, आणि शेळीच काय, मेंढरं, वासरं, अगदी कोंबड्यांच्या बाबतीतही करतात. पण ते का करतात हे नीट समजून घ्यायला हवं. ‘घोडा मोठ्या मनाचा, म्हणून दुबळ्याचं रक्षण करतो’ असा अर्थ लावून आपण मोकळे होतो. त्यात घोड्याची खरी गरज दिसत नाही आणि कधीकधी शेळीचा जीव जातो.

आधी प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. गोरेगावच्या एका तबेल्यात वरातीची पांढरी घोडी आहे. तिच्या ठाणाशी एक काळी शेळी मोकळी असते. दुपारची वेळ होती, घोडी एक मागचा पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवत पेंगत उभी होती. कुंपणाच्या फटीतून एक भटकं कुत्रं आत आलं. पहिल्यांदा हलला तो घोडीचा एक कान, फक्त एकच. मग दुसरा. मग मान वर गेली, नाकपुड्या फुलल्या आणि तिने जोरात फुर्रर्र केलं. शेळीने चघळणं थांबवलं आणि चालत घोडीच्या पोटाखाली आली. कुत्रं पुढे सरकलं तशी घोडीने दोन पावलं टाकून अंग आडवं केलं. आता शेळी तिच्या एका अंगाला आणि कुत्रं दुसऱ्या अंगाला. कान मागे पडले, मान खाली आणि लांब झाली, पुढचा खूर एकदा जमिनीवर आपटला. कुत्र्याने ओळखलं आणि ते निघून गेलं. घोडीने खाली वाकून शेळीच्या पाठीला नाक लावलं आणि पुन्हा ओठ लोंबवून उभी राहिली. मी घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांना विचारलं, ही असं का करते? ते म्हणाले, “तिला वाटतं ती तिचीच हाय. दुसरं काय?”

या उत्तरात बरंच काही आहे.

घोडा हा मुळात उघड्या माळावरचं भक्ष्य. लांडग्यांनी, मांजरकुळातल्या मोठ्या श्वापदांनी मारून खायचं जनावर. त्याचं सगळं शरीर धोका लवकर कळावा यासाठी घडलेलं आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ते फक्त अगदी शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. म्हणून तर घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. कान एकमेकांपासून वेगवेगळे फिरतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, घोड्याला ३३ पर्यंतचा येतो. एवढं असूनही एकट्या घोड्याचं भागत नाही, आणि त्याचं कारण झोपेत आहे.

घोडा उभ्याने झोपतो हे अर्धंच खरं. त्याच्या पायांत सांधे जागच्या जागी अडकवून ठेवणारी कंडऱ्यांची रचना असते, त्यामुळे स्नायूंना फारसा ताण न देता तो उभ्याउभ्या पेंगू शकतो. पण स्वप्नांची जी गाढ झोप असते, त्या झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात. त्यासाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसभरात अर्धा-पाऊण तास तरी. आडवा झालेला घोडा असहाय असतो. एवढं मोठं धूड उठायला वेळ लागतो. म्हणून कळपात काही घोडे आडवे होतात तेव्हा एखादा तरी उभा राहतो. ज्याला ही सोबत नसते, तो घोडा कित्येक दिवस आडवाच होत नाही. मग उभ्याउभ्या गाढ झोप लागते, पुढचे गुडघे वाकतात आणि तो कोसळता कोसळता दचकून जागा होतो. गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला खरचटल्याच्या जुन्या खुणा असलेला घोडा दिसला, तर इतर कारणांबरोबर हेही कारण तपासून पाहावं.

म्हणजे घोड्यासाठी सोबत ही चैन नाही. पोटाला चारा लागतो तशीच ती लागते. दुसरा घोडा नसेल तर तो जे कुणी जवळ आहे त्यालाच आपल्या कळपात घेतो. शेळी जागी आहे, शांतपणे रवंथ करते आहे, याचा अर्थ आसपास धोका नाही. शेळी थबकली की काहीतरी आहे. त्या दोघांची ही एकमेकांसाठी चाललेली पहाऱ्याची अदलाबदल आहे, आणि त्यात शेळीचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो.

कळप म्हणजे नुसती गर्दी नसते. घोड्यांमध्ये पक्क्या जोड्या असतात. अशा जोडीतले दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेचा बुंधा, खांद्यांमधला उंचवटा दातांनी खाजवतात. फ्रान्सच्या कामार्ग भागातल्या घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्याच जागी हाताने खाजवून पाहिलं, तर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवून तो परिणाम झाला नाही. खरारा करताना घोडा त्या उंचवट्यापाशी ओठ लांब करून हलवायला लागतो, तो याचमुळे.

या जोड्या राखायला घोडे मध्ये पडतात. दोन घोडे एकमेकांना खाजवत असताना किंवा भांडत असताना तिसरा येतो आणि त्यांच्यामध्ये अंग घालतो, हे संशोधकांनी घोड्यांच्या कळपांत वारंवार टिपलं आहे. तो बहुधा आपल्या सोबत्याच्या बाबतीतच असं करतो, कुणाही परक्यासाठी नाही. न्यूझीलंडमधल्या कायमानावा डोंगराळ भागातल्या रानटी घोड्यांवरचा २००९ सालचा अभ्यास तर मला फार महत्त्वाचा वाटतो. एकमेकींशी नातं नसलेल्या, पण घट्ट मैत्री असलेल्या घोड्यांना, म्हणजे माद्यांना, नरांचा त्रास कमी झाला, त्यांना शिंगरं जास्त झाली आणि ती जास्त जगली. निसर्गात मैत्रीचा असा रोकडा फायदा मिळत असेल, तर सोबत्याला राखण्याची ओढ घोड्याच्या अंगात इतकी खोल का मुरली आहे हे कळतं.

आता तबेल्यातला प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. घोडीने तिथे नवीन काहीच केलं नाही. अंग आडवं घालणं, कान पाडणं, मान खाली लांबवणं, खूर आपटणं या सगळ्या घोड्यांच्या आपसातल्याच खुणा आहेत. घोड्याच्या कळपात परक्याला दूर ठेवायला जे करतात तेच तिने कुत्र्यासाठी केलं, कारण तिच्या लेखी शेळी कळपातली आणि कुत्रं बाहेरचं. त्यात तिची स्वतःची भीतीही मिसळलेली होतीच. शेळी तिथे नसती तरी त्या कुत्र्याला तिने बहुधा हुसकावलंच असतं. ठाण तिचं आहे. म्हणून नुसत्या हुसकावण्यावरून ‘राखण’ म्हणू नये. दोघांच्या मध्ये येऊन उभं राहणं आणि नंतर शेळीला नाक लावून पाहणं, या दोन गोष्टी मात्र सांगतात की तिचं लक्ष शेळीवर होतं.

पण घोड्याला शेळीची भाषा कळते कशी? इथे बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची हकीकत सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर जितकं तितक्या वेळा तो खूर आपटायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने तपास केला आणि १९०७ साली उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकत होता. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. लोकांनी यातून धडा घेतला तो घोड्याला गणित येत नाही हा. मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: परक्या जातीच्या प्राण्याच्या शरीरातली केसभर हालचाल घोडा वाचू शकतो, ती सुद्धा त्या प्राण्याला स्वतःला कळण्याआधी. माणसाची मान वाचणाऱ्याला शेळीचे कान वाचणं काय अवघड?

आणि एकटेपण असेल तर तो शेळीच्या पुष्कळ पुढे जातो. अठराव्या शतकातले इंग्रज निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी एका बागेत एकटेच ठेवलेले घोडा आणि कोंबडी यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. दोघांनाही आपल्या जातीचं कुणी नव्हतं. कोंबडी घोड्याच्या पायांना अंग घासायची आणि घोडा तिच्यावर पाय पडू नये म्हणून अगदी जपून पावलं टाकायचा. हे निरीक्षण जवळपास अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे आणि आजही कुठल्याही तबेल्यात पडताळून पाहता येईल.

इथवर सगळं गोड आहे. आता दुसरी बाजू, कारण तिच्यामुळे जनावरं मरतात.

घोड्यांचा नर कळपाला हाकतो तेव्हा मान जमिनीलगत नेतो, कान पूर्ण मागे चिकटवतो आणि डोकं सापासारखं डावी-उजवीकडे हलवत माद्यांना ढकलतो. काही घोडे, विशेषतः नर आणि कधी खच्ची केलेलेही, शेळ्यामेंढ्यांना असंच हाकतात. पाहणाऱ्याला वाटतं, किती काळजीने गोळा करतोय! प्रत्यक्षात तो हक्क गाजवत असतो. घोडी वळली तर आपली जागा राखून वळते, चार-साडेचारशे किलोचं शरीर तिचंही असतं. शेळीला मात्र कुठे वळावं ते कळत नाही, ती कोपऱ्यात सापडते. चावा, पुढच्या पायाचा फटका किंवा झाडलेली दुगाणी यांतलं काहीही करडाला पुरेसं असतं. खेळातसुद्धा हे घडतं. पळणाऱ्या करडामागे तरुण घोडा मजेने धावतो आणि मजेतच पाय पडतो. त्यात वाईट हेतू नसतो, पण करडू जातं.

शिवाय प्रत्येक घोड्याला प्रत्येक सोबती चालत नाही. अमेरिकेचा १९३०च्या दशकातला नामांकित शर्यतीचा घोडा सीबिस्किट अस्वस्थ असायचा, म्हणून त्याच्या शेजारी शेळी ठेवली, तर त्याने ती दातांत धरून ठाणाच्या बाहेर टाकली. मग पम्पकिन नावाचा शांत स्वभावाचा घोडा सोबतीला दिला आणि ती जोडी जमली. शर्यतीच्या घोड्यांना शेळी सोबतीला देण्याची पद्धत जगभर आहे आणि अनेकदा तिचा उपयोग होतो. पण निवड शेवटी घोड्याची.

व्यालेली घोडी हा आणखी वेगळा विषय. शिंगरू झाल्यावर पहिले काही दिवस तिच्या कळपाची व्याख्या आक्रसून एकट्या शिंगरापुरती उरते. कालपर्यंत पोटाखाली झोपणारी शेळी आज परकी ठरू शकते. त्या दिवसांत शेळी बाहेर, याला अपवाद करू नये.

मग शेळ्यामेंढ्यांच्या राखणीसाठी मुद्दाम घोडा ठेवावा का? नाही. ज्यांना खरोखर राखणदार हवा असतो ते कुत्रा ठेवतात, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलियात बरेच मेंढपाळ गाढव ठेवतात. गाढव आणि घोडा जवळचे नातेवाईक, पण घडण वेगळी. घोड्याचे पूर्वज गवताळ माळावर कळपाने राहिले आणि संकटात पळाले. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ मुलखात विरळ राहिले. तिथले नर आपापला टापू धरून असतात. त्यामुळे गाढव पळण्यापेक्षा पाय रोवून उभं राहतं, आणि कुत्रा-कोल्ह्याच्या जातीचा त्याला उपजतच राग असतो. तिथेही मेंढपाळ काही पथ्यं पाळतात: कळपात गाढव एकच ठेवतात, कारण दोन ठेवली तर ती एकमेकांत रमतात आणि मेंढ्यांकडे पाहत नाहीत. आणि ठेवायची ती मादी किंवा खच्ची केलेला नर. अंडील नर मेंढ्यांनाच इजा करतो. एकटं ठेवलं तरच मेंढ्यांना आपलं मानतं, हे लक्षात घ्या. राखण इथेही सोबतीच्या गरजेतूनच आलेली आहे.

आपल्या धनगरांनी ही वाटणी कधीचीच केली आहे. दिवाळीनंतर घाटावरून त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारे गट, कोकणात उतरतात, मुंबईच्या उंबऱ्याशी पनवेल, पेण, कर्जतच्या कापणी झालेल्या खाचरांत बसतात. त्यांच्याबरोबर भीमथडीच्या जातीचे काटक घोडे असतात. घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, वर बांधलेल्या कोंबड्या आणि चालवत नाही अशी नुकती जन्मलेली कोकरं. लांडग्याला भिडायचं काम कुत्र्यांचं. घोडा मेंढरांत वाढलेला असतो, त्यांच्यात शांत चरतो, काही वेगळं जाणवलं की आधी मान वर करतो. त्याच्याकडून याहून जास्त कुणी मागत नाही. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

मुंबईत तर हे आणखी स्पष्ट सांगायला हवं. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबटे आहेत. बिबट्या दबा धरतो, अंधारात येतो आणि लहान जनावर उचलतो. त्याच्यापुढे घोडी काही करू शकत नाही. तिने फुरफुरून जागं केलं तरी नशीब. तिथे शेळीला रात्री चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेली जागा लागते.

घोड्याकडून राखणीची अपेक्षा सोडली की महत्त्वाचा प्रश्न समोर येतो: घोड्याला सोबत कोण आहे? ठाणावर बांधलेला एकटा घोडा तासन् तास एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलतो, दाराच्या लाकडाला दात लावून हवा गिळतो, ठाणात गोल गोल फिरतो. याला घोड्याची खोड म्हणतात आणि गळ्याला पट्टा आवळून ती मोडायला जातात. हे मला अतिशय वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोलणाऱ्या घोड्यांच्या ठाणात फक्त आरसा लावला, तर डोलणं कमी झालं. स्वतःचंच प्रतिबिंब पुरतं, इतकी ती भूक असते! सगळ्यात उत्तम सोबत दुसऱ्या घोड्याचीच. ती शक्य नसेल, आणि वरातीची एकच घोडी बाळगणाऱ्याला ती बहुधा परवडत नाही, तर शेळी.

शेळी आणताना घाई करू नये. आधी मधे मजबूत आडोसा ठेवून दोघांना एकमेकांचा वास येईल, नाकाला नाक लागेल असं राहू द्यावं. घोडीचे कान पुढे राहतात, ती शेळीकडे मान करून पेंगते, असं दिसायला लागलं की दिवसाउजेडी, जवळ उभं राहून सोडावं. शिंगं असलेली शेळी टाळलेली बरी; घोड्याच्या पोटाची उंची आणि शिंगाची उंची एकच येते. शेळीला शिरता येईल पण घोडीला नाही, अशी एक आडवी दांडी लावलेली जागा कायम असावी. घोडी बिथरली तर शेळीला पळून जायला तेवढं एक ठिकाण लागतं.

खाणं मात्र पूर्ण वेगळं. कोंबड्यांच्या आणि कधी गाईगुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. कोंबडीला ते सोसतं, घोड्याला अगदी थोडंही सोसत नाही. हृदयाचा स्नायूच निकामी होतो आणि त्यावर उतारा नाही. एकाच घमेल्याने कोंबडीखाद्य आणि चंदी मोजणं हा तबेल्यातला मोठा धोका आहे. म्हशींच्या शेजारामुळे आणखी एक: सर्रा हा रक्तातला रोग. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात. म्हैस वरून धडधाकट दिसते आणि घोड्याला मात्र चढता-उतरता ताप येतो, पायांवर, पोटाखाली सूज येते, तो खंगत जातो. पावसाळ्यात आणि नंतर असा ताप दिसला तर घरचे उपाय करत बसू नये, रक्त तपासून घ्यावं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय मुंबईकरांच्या आवाक्यातलं आहे.

आणि जोडी जमल्यावर शेळी विकायची वेळ आली, तर एका रात्रीत नेऊ नये. घोडी खिंकाळत राहते, चंदी तोबऱ्यात तशीच राहते, घामाने भिजते, आणि खाणं बंद झालं की घोड्याला पोटशूळ व्हायला वेळ लागत नाही. दुसरी शेळी आधी आणावी, तिची ओळख होऊ द्यावी, मग पहिली हलवावी.